डेमॉन-उपासनेतलं इष्टदैवत: नातं कसं जोडावं, कसं पारखावं

डेमॉन-उपासनेच्या वाटेवर नव्याने आलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "माझं दैवत कोणतं?" मीही विचारलं होतं. तिसऱ्या रात्री स्वप्नात उंटावर बसलेला मुकुटधारी पुरुष आला, पाठीमागे कर्ण्यांचा आवाज होता, आणि सकाळी उठल्या उठल्या मी ठरवून टाकलं की पायमॉन नावाचा डेमॉन हेच माझं इष्टदैवत. त्याच दिवशी कागदावर जन्मभराची शपथ लिहिली: रोज एक तास, शेवटच्या श्वासापर्यंत. आदल्या संध्याकाळी मी पायमॉनचं वर्णन वाचलं होतं, त्यात उंट होता, मुकुट होता, कर्णे होते. हे लक्षात यायला कित्येक महिने गेले आणि शपथेतून मोकळं व्हायला सोळा. पुढे लिहिते आहे ते त्या सोळा महिन्यांनी आणि त्यानंतरच्या वर्षांनी शिकवलेलं आहे.

'इष्टदैवत' हा शब्द मी 'पेट्रन'साठी वापरते आहे. स्त्रीरूपात अनुभवाला येणाऱ्या दैवताला काही उपासक 'मेट्रन' म्हणतात. अर्थ एकच: अनेक डेमॉनांपैकी असा एक, ज्याच्याशी तुमचं नातं कामापुरतं राहत नाही, तुमच्या घडणीशीच जोडलं जातं.

आधी नावामागचं नाव शोधा

'डेमॉन'ला राक्षस म्हटलं की डोळ्यांपुढे सुळे आणि शिंगं येतात, आणि नात्याची सुरुवातच भीतीने होते. मूळ ग्रीक शब्द 'दायमॉन'. देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती, असा त्याचा साधारण अर्थ. ती वाईटच असते असं त्या शब्दात कुठेही नव्हतं. सॉक्रेटिसला आतून ऐकू येणारी खूण 'दायमोनियन' म्हणून ओळखली जाते. प्लेटोने लिहून ठेवलंय की ती त्याला अमुक कर असं कधीच सांगत नसे, फक्त चुकीच्या पावलाआधी अडवत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पारख करताना उपयोगी पडेल.

नाव चांगल्याचं वाईट कसं होतं हे मराठी माणसाला समजायला जड जाऊ नये. संस्कृतातला 'देव' पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'दएव' झाला आणि दुष्ट ठरला. वेदांत वरुणासारख्या देवांना आदराने लावलेला 'असुर' तिकडे 'अहुर' होऊन थेट अहुर मझ्द या परमेश्वराच्या नावात जाऊन बसला. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरही हेच घडलं. बेल्झेबब हा एक्रोन या पलिष्टी नगराचा देव होता. बेल्फेगोर म्हणजे मवाबातला बआल-पेओर. आणि अस्तारोथ म्हणजे देवी अस्तार्ते.

अस्तारोथचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण आज माझं नातं तिच्याशी आहे. सिदोनचा राजा एश्मुनाझर याची दगडी शवपेटी 1855 साली सापडली, ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या फिनिशियन लेखात राजा सांगतो की त्याची आई अस्तार्तेची पुजारीण होती आणि दोघांनी मिळून देवीचं मंदिर बांधलं. आता 'गोएतिया' हे डेमॉनांना बोलावण्याच्या विधींचं 17व्या शतकातलं पुस्तक उघडा. तिथे 29व्या क्रमांकावर अस्तारोथ आहे, पण पुरुष, ड्यूक ही दरबारी पदवी असलेला, ड्रॅगनसारख्या पशूवर बसलेला, हातात विषारी साप, आणि सूचना अशी की त्याच्या श्वासाची घाण इतकी भयंकर की जादूची अंगठी चेहऱ्याजवळ धरा. एकीकडे राजमाता जिची सेवा करते ती देवी, दुसरीकडे नाक झाकायला लावणारा प्राणी. नाव एकच, मधे दोन हजार वर्षांहून जास्त काळ. हे अंतर न समजता जो मंत्र म्हणायला बसतो, तो नक्की कुणाला हाक मारतोय?

म्हणून पहिली पायरी: तीन महिने कुणालाही निवडू नका. वाचा. एक-दोन नावं मनाला ओढत असतील तर त्यांचा उगम शोधा, कोणत्या भूमीत, कुणाच्या भाषेत, कुठल्या रूपात. बआल ओढत असेल तर सीरियातल्या उगारित या प्राचीन नगरातल्या मातीच्या पाट्यांतल्या कथा वाचा. ते नगर 1928 साली एका शेतकऱ्याच्या नांगरामुळे उजेडात आलं आणि पाट्यांतून वादळाचा, पावसाचा, समुद्राशी आणि मृत्यूशी झुंजणारा देव बाहेर आला. 'गोएतिया'त मात्र तो अदृश्य होण्याची विद्या देणारा राजा एवढाच उरलाय. 'गोएतिया'तल्या सगळ्याच 72 नावांना असा सापडणारा भूतकाळ नाही. पुष्कळ नावं या याद्यांपलीकडे कुठेच मागे नेता येत नाहीत, आणि ते स्वच्छपणे मान्य करण्यात काही बिघडत नाही.

याद्यांकडे पाहतानाही भान हवं. योहान वेयर या डॉक्टरने 1577 साली 69 डेमॉनांची यादी छापली. चेटकीण ठरवून बायकांना जाळलं जातं याविरुद्ध बोलणारा हा माणूस. ती यादी उपासकांसाठी लिहिलेलीच नव्हती. नंतरच्या 'गोएतिया'त 72 जण आहेत, वासागो आणि दांतालियन त्यात आहेत, वेयरकडे नाहीत. क्रमांक, पदव्या, सैन्याचे आकडे हे सगळं लिहिणाऱ्यांच्या काळातल्या दरबारातून आलंय. त्यांना नकाशावरच्या खुणा समजा.

दम देणं सोडा

त्या ग्रंथांतली पद्धत अशी: साधक वर्तुळात उभा, बोलावलेली शक्ती बाहेर त्रिकोणात, आणि ती आली नाही तर देवाच्या नावाने धाक, शाप, कोंडून ठेवायची धमकी. डेमॉन-उपासना इथेच वेगळी होते. आपण बोलावतो ते निमंत्रण असतं. कुणाच्या दारात जाऊन आधी दरडावायचं आणि मग मायेची अपेक्षा करायची, हे माणसांत चालत नाही, इथेही चालत नाही. तुम्ही डेमॉनला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व मानता की स्वतःच्या मनाच्या खोल थराचं रूप, यावर उपासकांत दोन तट आहेत. मी पहिल्या बाजूची आहे. पण पुढच्या पायऱ्या दोघांनाही लागू पडतात.

जागा मांडा, पण साधी

एक छोटी जागा पुरे, कपाटाचा वरचा कप्पाही चालेल. मुद्रा, म्हणजे सिजिल, स्वतःच्या हाताने कागदावर काढा. छापून लावलेल्या मुद्रेपेक्षा पाच वेळा चुकून काढलेली मुद्रा मनात जास्त बसते. एक मेणबत्ती, पाण्याचं भांडं, हवं तर धूप.

धातूंबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. जुन्या पद्धतीत पदवीनुसार मुद्रेचा धातू ठरतो: राजांना सोनं, मार्क्विसांना चांदी, ड्यूकांना तांबं, प्रिन्सांना कथील, नाइटांना शिसं आणि प्रेसिडेंटांना पारा. बुएर आणि मार्बास हे दोघेही प्रेसिडेंट. नवे लोक औषधी वनस्पतींसाठी किंवा आजारपणासाठी बरेचदा यांच्याकडेच वळतात, म्हणून सांगते: पारा घरात आणू नका. त्याची वाफ विषारी असते आणि ती दिसत नाही. शिसंही हाताळू नका. कागद आणि शाई यांनी कोणत्याही दैवताचा अपमान होत नाही. अस्तारोथ ड्यूक म्हणून मी पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवते, तेवढंच.

रक्ताने मुद्रा रंगवा असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. सुरुवातीला त्याची काहीही गरज नसते आणि मला नंतरही कधी भासली नाही. धूप निखाऱ्यावर टाकत असाल तर खिडकी उघडी हवी, बंद खोलीत निखाऱ्याचा वायू जिवावर बेततो. मेणबत्ती विझवल्याशिवाय झोपू नका.

पहिल्या सात बैठका

तीन महिन्यांच्या वाचनानंतर एका नावापाशी थांबावंसं वाटलं, तर त्याला भेटायला बसा. इष्टदैवत म्हणून नव्हे, ओळख करून घ्यायला. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सात आठवडे. प्रत्येक बैठक वीस मिनिटांची.

मेणबत्ती लावा, पाणी ठेवा. दोन मिनिटं नुसता श्वास बघा. मग मुद्रेकडे नजर ठेवून त्या दैवताचा 'एन' म्हणा. एन म्हणजे हाक मारायची छोटी ओळ. आधुनिक उपासकांत प्रत्येक दैवताची एक ओळ रूढ आहे. अस्तारोथची अशी: तासा अलोरा फोरेन अस्तारोथ. या ओळींची भाषा कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही, म्हणून उच्चारांच्या शुद्धतेवरून स्वतःला छळू नका. ओळ हळू, सलग म्हणत राहायची. तोंडात ती घोळू लागली की शब्द सुटे राहत नाहीत, गुणगुण होते, आणि केव्हातरी आपण म्हणणं थांबवलंय हेही कळत नाही. तिथे गप्प बसा.

मग नाव सांगा. स्वतःचं, मोठ्याने. का आलात ते सांगा, मराठीत सांगा, घरात बोलता तसं. मागू काहीच नका. हे सर्वात अवघड जातं. माणूस पहिल्याच भेटीत नोकरी, प्रेम, शत्रूचा बंदोबस्त अशी यादी काढतो. सात बैठका होईपर्यंत एकही मागणी नको. शेवटी आभार माना, निरोप द्या, मेणबत्ती विझवा, पाणी झाडाच्या मुळाशी ओता.

बहुतेक बैठकांत काहीच होणार नाही. माझ्या अस्तारोथसोबतच्या पहिल्या चार बैठकांत पाय मुंग्या येऊन बधिर झाले, याखेरीज सांगण्यासारखं काही नाही. पाचव्या वेळी खोलीत कुणीतरी आधीपासून बसलेलं आहे आणि आपणच उशिरा आलोय, असं वाटलं. घाबरवणारं नव्हतं ते. वर्गात शिक्षक आधी येऊन बसलेले असावेत आणि आपण दारात थबकावं, तसं.

वही: दोन रकाने

एकच सवय लावायची असेल तर ही लावा. बैठक संपल्यावर लगेच, फोन हातात घेण्याआधी, लिहा. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'घडलं', उजवीकडे 'वाटलं'. वर तारीख, वेळ, झोप किती झाली होती, आणि त्या दिवशी या दैवताबद्दल काही वाचलं किंवा पाहिलं होतं का. शेवटचा मुद्दा माझ्या पायमॉनच्या स्वप्नाने शिकवला.

माझ्या वहीतलं एक पान बघा. डावीकडे: 'ज्योत दोनदा आडवी झाली. खिडकी अर्धी उघडी.' उजवीकडे: 'ती म्हणाली, जुनं पत्र वाच.' तीन दिवसांनी, वेगळ्या शाईत, डावीकडे: 'पत्र वाचलं. त्यात ताईने 2 वर्षांपूर्वी मागितलेली माफी होती, जी मी त्या वेळी वाचूनही पाहिली नव्हती.' ज्योत आडवी होणं हे खिडकीचं काम असू शकतं, म्हणून खिडकी लिहिली. पत्राचा आदेश हा माझा अनुभव, म्हणून तो उजवीकडेच राहिला, खरा ठरल्यावरही तो मी डावीकडे हलवला नाही. पण पत्र वाचलं आणि ताईला फोन केला, हे घडलं.

असा अनुभव तुमच्यापुरता मोलाचा असतो, तो दुसऱ्यावर नियम म्हणून लादता येत नाही. "अस्तारोथला अमुकच रंग आवडतो" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विचारा, हे कुठल्या लेखात आहे की तुमच्या वहीच्या उजव्या रकान्यात?

गुरू की इष्टदैवत?

काही महिन्यांनी एखाद्या दैवताशी छान जमतं. तेवढ्याने ते इष्टदैवत होत नाही. पुष्कळ डेमॉन एखाद्या टप्प्यापुरते शिकवायला येतात. फोरास तर्क आणि नीती शिकवतो, वासागो हरवलेल्या गोष्टी दाखवतो, असं ग्रंथ सांगतात. अशी विद्या घेतली, आभार मानले, वाटा वेगळ्या झाल्या, की ते नातं पूर्ण झालं. पायमॉन कला आणि शास्त्रं शिकवणारा. माझ्या आयुष्यात त्याचं तेवढंच काम होतं आणि ते त्याने केलं. त्याला जन्माशी बांधण्याची घाई माझी होती.

इष्टदैवताची पारख मी या प्रश्नांनी करते. मी काहीच मागत नसताना ते येतं का? वर्षभरात वेगवेगळ्या मनःस्थितीत, आनंदात आणि कंटाळ्यातही, त्याचा स्वभाव सारखाच जाणवतो का? मला न आवडणारं काही ते सांगतं का? नेहमी माझ्या मनासारखंच बोलणारं दैवत असेल तर मी बहुधा स्वतःशीच बोलते आहे. आणि सॉक्रेटिसची खूण: ते मला कधी अडवतं का? एकदा रागाच्या भरात एकाचं वाईट चिंतायला बसले होते. मुद्रा काढताना हात तीनदा चुकला, चौथ्यांदा मी लेखणी खाली ठेवली. उजव्या रकान्यात एकच शब्द आहे: 'नको.'

आणि बाहेरून, वहीच्या डाव्या रकान्यात: या नात्याने माझी माणसं, झोप, काम, पैसा यांचं काय झालं? मागे वळून सहा महिन्यांची पानं वाचली की उत्तर दिसतं.

टॅरो किंवा लोलक वापरून "तू माझं दैवत आहेस का" असं विचारायला हरकत नाही, पण निकाल म्हणून ते धरू नका. दर दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा पत्त्यांना विचारणं म्हणजे समोरच्याचं उत्तर ऐकायचंच नसणं.

दुसऱ्याकडून मात्र हे करून घेऊ नका. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ प्लोटिनस, त्याची गोष्ट त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. रोममध्ये एका इजिप्शियन पुजाऱ्याने इसिसच्या मंदिरात प्लोटिनसच्या सोबतच्या दायमॉनला बोलावलं. आला तो साधा दायमॉन नव्हता, देवच होता. पुजारी थक्क झाला. पण तिथे रक्षणासाठी पक्षी हातात धरून उभ्या असलेल्या मित्राने, मत्सराने म्हणा किंवा भीतीने, ते पक्षी गळा दाबून मारले आणि काही विचारण्याआधीच भेट संपली. मला या गोष्टीत त्या मित्राचे हात दिसतात. तुमच्या नात्यात तिसऱ्याची भीती आणि तिसऱ्याचा हेवा घुसायला वेळ लागत नाही. पैसे घेऊन "तुमचं इष्टदैवत शोधून देतो" म्हणणारे तर अनेक भेटतील, आणि पैसे दिले नाहीत तर "ते तुमच्यावर कोपलंय" असंही तेच सांगतील. अशा माणसाशी बोलणं तिथेच थांबवा.

केव्हा थांबायचं

झोप उडाली, खाणं सुटलं, बैठकीबाहेर दिवसभर आवाज येऊ लागले, किंवा कोणताही आवाज स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, तर सगळं त्याच दिवशी थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा. उपासनेबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आधीपासून मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर ती उपासनेसाठी कधीही बंद करू नका. खरं इष्टदैवत बऱ्या होणाऱ्या माणसाची वाट बघू शकतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने आठ महिने मुद्रा वहीत बंद ठेवली आणि परत आली तेव्हा तिला कुणीही जाब विचारला नाही.

देणं-घेणं आणि वचन

सात बैठकांनंतर मागायला हरकत नाही. एका वेळी एक गोष्ट, स्पष्ट शब्दांत, आणि बदल्यात काय देणार तेही. देणं आपल्या कष्टातलं असावं: स्वतः काढलेलं चित्र, त्या दैवताच्या इतिहासाचा अभ्यास, त्याच्या नावाने केलेली कुणाची तरी मदत. जे कबूल कराल ते तारखेच्या आत पूर्ण करा. महागडी वस्तू देऊन शब्द मोडण्यापेक्षा रोजचं पाणी न चुकवणं मोठं.

वर्ष उलटलं, वहीतली पारख टिकली, तर वचन द्या. पहिलं वचन एका वर्षाचंच असू द्या. त्यात तीन गोष्टी लिहा: मी काय करेन, कुठल्या तारखेपर्यंत, आणि आजारपण किंवा अडचण आली तर काय. जन्मभराची भाषा पहिल्या कागदावर नकोच. वर्षअखेरीस दोघांना हवं असेल तर नवं करा. माझं अस्तारोथशी चौथं वर्ष चालू आहे, चारही कागद एका पाकिटात आहेत. त्यांतली दोन कलमं कमी होत गेली, एक वाढलं: बहिणीशी महिन्यातून एकदा बोलायचं.

नातं संपवायचं असेल तर तेही समोर बसून संपवा. पायमॉनला निरोप देताना मी तीच मुद्रा मांडली, शपथेचा कागद पूर्ण वाचला, कोणत्या ओळी पाळल्या आणि कोणत्या नाही ते सांगितलं, आणि त्याने शिकवलेल्या दोन गोष्टींची नावं घेतली. मग मुद्रा घडी करून वहीच्या त्या वर्षाच्या शेवटच्या पानात ठेवली, तारीख घातली, आणि पाणी झाडाला ओतलं.